सज्ञान मुलगा कोणावर अवलंबून?

१/ समजा, मालवणच्या पेठेत वडिलोपार्जित दुकान आहे. वडील कर्ते, सज्ञान मुलगा बेकार. करकायद्याच्या दृष्टीने हा मुलगा वडिलांवर अवलंबून होता का?

२/ नव्हता. १८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने हिंदू अविभक्त कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानले. मिताक्षरेनुसार मुलगा जन्मतःच हिस्सेदार. कर कुटुंब भरी, त्याच्या वाट्यावर पुन्हा आकारणी नसे. माडा-आंब्यांचे शेतीउत्पन्न तर करमुक्तच. मुंबईतील नोकरीचा पगार मात्र त्याचा स्वतःचा, त्यावरील करही त्याचाच.

३/ खरी अवलंबून होती मुलगी. तिला पोषण आणि लग्नखर्च मिळे. जन्मसिद्ध हिस्सा नाही.

४/ महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहितांनाही सामावून घेतले. त्याच घरातील भावाला मात्र तो कधी मागावाच लागला नव्हता.