जुन्या मोटारीच्या कमानी आणि ग्रीसची पिचकारी

मोटार जुनी झाली म्हणजे तिचा कोणता भाग केव्हां बदलावा, हा प्रश्न शहरांतील पुष्कळ कुटुंबांपुढें उभा राहतो. इंजिन बिघडलें तर गाडी बंद पडते. ब्रेक बिघडले तर पहिल्याच चौकांत कळतें. परंतु गाडीच्या सांगाड्याखालीं कमानी, बुश, किंगपिना आणि शॉक-अॅब्सॉर्बर यांचा जो संसार असतो, तो झिजतांना सहसा बोलत नाहीं. तो रोज केसभर झिजतो, आणि गाडींत बसणारांचीं शरीरेंही त्या झिजेस रोज केसभर सरावत जातात. म्हणून ‘गाडी तर ठीक चालली आहे’ ही मालकाची साक्ष या बाबतींत फारशी उपयोगाची नसते. मग साक्ष घ्यावी ती कोणाची? शंभर-सव्वाशें वर्षांत या प्रश्नाचें उत्तर अनेकदां पालटलें, आणि तें पालटण्याचें कारण मोटारीच्या बांधणींतच सांपडतें.

मोटारीस कमान मिळाली ती घोड्याच्या गाडीकडून. लंडनच्या ओबाडाया इलियट यानें १८०४ सालीं लंबवर्तुळाकार कमानीचें पेटंट घेतलें, आणि तेव्हांपासून श्रीमंतांच्या बग्ग्या पोलादी पाट्यांवर झुलूं लागल्या. एकावर एक रचलेले हे पाटे दबतांना एकमेकांवर घासतात. या घर्षणाचा एक न मागितलेला फायदा होता: खड्ड्यामुळें कमान एकदां हलली, तर घासणारे पाटेच तिचें झुलणें थोड्या वेळांत थांबवीत. घोड्याच्या चालीला एवढें पुरेसें होतें. मोटार त्याच कमानींवर बसली आणि तिप्पट-चौपट वेगानें धांवूं लागली, तेव्हां मात्र तें घर्षण अपुरें पडलें. गाडी खड्ड्यांतून निघे, पण तिचें हेलकावणें पुढच्या खड्ड्यापर्यंत संपतच नसे.

यावर उपाय शर्यतींच्या निमित्तानें निघाला. फ्रान्समध्यें त्रुफो यानें घर्षणाच्या चकत्यांचें एक साधन बनविलें, आणि मोर्स कंपनीनें १९०२ सालीं आपल्या शर्यतीच्या गाड्यांस अशा तऱ्हेचीं साधनें लाविलीं. पुढें अमेरिकेंत हार्टफोर्ड यानें त्रुफोची कल्पना उचलून तिचा मोठा धंदा केला. या साधनास शॉक-अॅब्सॉर्बर, म्हणजे धक्का शोषून घेणारा, असें नांव पडलें, आणि तें नांव अगदीं चुकीचें आहे. धक्का सोसते ती कमान. धक्क्यानंतर कमानीचें जें झुलत राहणें असतें तें आवरणें, एवढेंच या साधनाचें काम. नांवाच्या या घोटाळ्यामुळें आजही अनेक मालक गाडी कडक चालूं लागली म्हणजे शॉक-अॅब्सॉर्बर बदलावयास धांवतात, आणि ती नावेसारखी डुलूं लागली म्हणजे ‘मऊ चालते’ म्हणून समाधान मानतात. शॉक-अॅब्सॉर्बर मेल्याची खूण बहुधा ही दुसरीच असते.

हार्टफोर्डच्या साधनांत एक सोय होती. चकत्या झिजून ढिल्या झाल्या तर मधला बोल्ट आंवळला कीं काम होई; बदलण्याचा प्रश्न फार उशिरां येई. फोर्डनें १९२७ च्या अखेरीस जी ‘मॉडेल ए’ गाडी बाजारांत आणली, तिला हूदाय पद्धतीचे तेलाचे शॉक-अॅब्सॉर्बर होते. त्यांतही तेल भरतां येई. वस्तु झिजली तर ती सांवरून घ्यावी, पुन्हां भरावी, पुन्हां आंवळावी, हा त्या काळचा शिरस्ता. आणि तो चालविण्यासाठीं कोणाला तरी वरचेवर गाडीखालीं शिरावें लागे.

हें गाडीखालीं शिरणें ही या इतिहासांतील खरी महत्त्वाची गोष्ट आहे. त्या वेळच्या गाडीचे सांधे पोलादावर पोलाद किंवा पितळ असे असत. कमानीच्या टोंकाचे शॅकल, पुढच्या चाकांच्या किंगपिना, स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे, या प्रत्येक ठिकाणीं तेल किंवा ग्रीस घालावें लागे. प्रथम लहान टोपणांसारख्या वाट्या असत. त्या ग्रीसनें भरून हातानें पिळावयाच्या. पुढें निपल आले आणि ग्रीसची पिचकारी आली. कित्येक सांध्यांना हा खुराक पांचशें किंवा हजार मैलांच्या अंतरानें लागे. मालकांना त्याचा कंटाळा येई आणि कारखानदारांच्या जाहिरातींत या कटकटीपासून सुटका देण्याचीं वचनें असत. परंतु ग्रीस भरणारा मनुष्य केवळ ग्रीस भरीत नसे. निपल पुसतांना त्याचें बोट सांध्याला लागे. ग्रीस एका बाजूनेंच भसकन बाहेर आलें तर त्या बाजूस फट पडली आहे हें त्याला दिसे. पाट्याला तडा गेला असेल तर गंजाची बारीक तांबडी रेघ त्याच्या डोळ्यांसमोर असे. म्हणजे ज्याला आज तपासणी म्हणतात ती त्या काळीं वंगणाच्या पोटांतच होऊन जाई, आणि तिचें निराळें बिल येत नसे.

किंगपिन पाहण्याची त्या कारागिरांची रीत आजही जुन्या गाडीस तशीच लागू पडते. पुढचें चाक जॅकनें उचलावयाचें. एक हात टायरच्या माथ्यावर, दुसरा तळाशीं ठेवून तें आंतबाहेर हालवावयाचें. चाक खटखटलें तर ढिलेपणा आहे; कारागीर त्याला ‘प्ले’ म्हणतात. पण तो किंगपिनचा कीं चाकाच्या बेअरिंगचा? तेव्हां दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरावयास सांगावयाचें. ब्रेकनें चाक आणि त्याच्या मागचा भाग एकजीव होतात. मग खटखट थांबली तर दोष बेअरिंगचा, चालूच राहिली तर किंगपिनचा. यांत एका पैचें उपकरण लागत नाहीं.

हा ढिलेपणा किती महाग पडूं शकतो हें १९२३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत सर्वांस कळून आलें. त्या साली फायरस्टोन कंपनीनें जाड व कमी दाबाचे ‘बलून’ टायर प्रचारांत आणले. बसणारांस सुख झालें. परंतु पुढचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर असलेल्या गाड्यांना एक विलक्षण रोग जडला. विशिष्ट वेगास पुढचीं चाकें एकाएकीं डावीउजवीकडे थरथरूं लागत, आणि स्टिअरिंगचें चाक हातांतून सुटूं पाही. फिरतें चाक भोंवऱ्यासारखें असतें. आंस तिरका झाला कीं तें वळूं पाहतें, वळलें कीं आंस पुन्हां तिरका होतो. हें चक्र सुरू होण्यास सांध्यांतील थोडी फट पुरे होई. नव्या गाडीलाही हा रोग होई, पण किंगपिन झिजलेल्या गाडींत तो लौकर उपटे. काल चाललेला ढिलेपणा आज टायर बदलतांच धोक्याचा ठरला. सांधा तोच, फट तीच. पण बदलण्याची वेळ मात्र अलीकडे आली.

अखंड आंस काढून प्रत्येक चाक स्वतंत्र टांगणें, हा त्यावरील एक मोठा उपाय. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेंत कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ओली यानें १९३२ च्या सुमारास एका लांब गाडीवर इकडून तिकडे सरकविण्याजोगीं वजनें लावून प्रयोग केले. गाडीचें सुख मोजण्याचें विश्वसनीय यंत्र जवळ नव्हतें, म्हणून माणसें बसवून त्यांना कसें वाटलें हें विचारणें हीच मोजणी. १९३४ सालच्या जनरल मोटर्सच्या गाड्या पुढें स्वतंत्र टांगणीच्या निघाल्या, आणि त्याच वर्षीं फ्रान्समध्यें सित्रोएननें पोलादी दांडीच्या पिळावर चाललेली गाडी काढली. सुख वाढलें तसे सांधेही वाढले. जेथें एका बाजूस एक किंगपिन आणि दोन शॅकल होते, तेथें आतां वरचा हात, खालचा हात आणि त्यांचे निरनिराळे बुश आले.

एवढे सांधे ग्रीसवर पोसणें कोणालाच परवडणारें नव्हतें. म्हणून रबर आलें. पोलादाच्या दोन नळ्यांमध्यें रबर दाबून बसविलेला बुश १९२० नंतरच्या दशकांत निघाला आणि हळूहळू सर्वत्र पसरला. तो वाजत नाहीं, त्याला ग्रीस लागत नाहीं. शॉक-अॅब्सॉर्बरही बंद नळीच्या आकाराचा झाला. त्यांत तेल भरावयाचें नाहीं, बोल्ट आंवळावयाचा नाहीं, गेला कीं टाकून द्यावयाचा. ही प्रगति होती यांत शंका नाहीं. मात्र ग्रीसबरोबर ग्रीसवालाही गेला. रबराचा बुश आंतून चिरला तरी वरून कोणी हात लावीत नाहीं, कारण हात लावण्याचें कांहीं निमित्तच उरलें नाहीं.

ही उणीव शेवटीं कायद्याला भरून काढावी लागली. ब्रिटनमध्यें वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकीर्दींत १९६० सालीं दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची तपासणी सुरू झाली. प्रथम तींत ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेंच होतें. नापास होणाऱ्या गाड्यांचें प्रमाण इतकें निघालें कीं वयाची अट खालीं आणावी लागली, आणि १९६७ पर्यंत ती तीन वर्षांवर आली. त्या दहा वर्षांच्या गाड्यांचे मालक निष्काळजी होते असें समजण्याचें कारण नाहीं. त्यांतील पुष्कळांना आपली गाडी खरोखरच ठीक वाटत होती.

याच सुमारास किंगपिनची जागा गोळ्याच्या सांध्यानें, म्हणजे बॉल जॉइंटनें घेतली. फोर्डनें १९५२ सालीं लिंकनला आणि १९५४ सालीं आपल्या साध्या गाड्यांना तो बसविला. किंगपिन झिजली तर ती पुष्कळ दिवस कुरकुरते. भार वाहणारा बॉल जॉइंट अति झिजला तर गोळा वाटींतून निसटतो आणि चाक खालीं मुडपतें. पुढें अमेरिकन गाड्यांच्या कांहीं बॉल जॉइंटांत एक साधी युक्ति आली. ग्रीसच्या निपलभोंवतींचा कडा नव्या सांध्यांत सुमारें सव्वा मिलिमीटर वर असतो; सांधा झिजेल तसा तो आंत जातो, आणि पृष्ठभागाशीं सपाट झाला कीं सांधा बदलावयाचा. ज्या निपलामुळें पूर्वी मनुष्य गाडीखालीं शिरत असे, तोच निपल आतां झिजेचें माप झाला.

भारतांत १९३९ च्या मोटार कायद्यानें भाड्याच्या व मालाच्या गाड्यांना योग्यतेचा दाखला आवश्यक केला. खासगी गाडीला नाहीं. १९८८ च्या कायद्यानेंही खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची ठेवून नंतर ती नवी करण्याची अट घातली. तोंपर्यंत गाडीखालीं डोकावणें हें मालकाच्याच मर्जीवर. मुंबईंत मात्र या दोन तऱ्हा शेजारीं शेजारीं पाहावयास मिळत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून १९५४ पासून निघालेली फियाट ११००, जी पुढें पद्मिनी झाली, ती काळीपिवळी टॅक्सी म्हणूनही धांवे आणि दादर-गिरगांवच्या मध्यमवर्गीयाच्या दारांतही उभी असे. पुढें वेटोळ्याच्या स्प्रिंगा व किंगपिना, मागें पाट्यांच्या कमानी, अशी तिची जुनी बांधणी. म्हणून ग्रीसची पिचकारी तिला अखेरपर्यंत लागली. टॅक्सीवाला दाखल्यासाठीं आणि पोटासाठीं ती मारून घेई. घरची गाडी रविवारीं निघे, कमी मैल चाले, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणी पाहत नसे. मुंबईचा पावसाळा मैल मोजीत नाहीं; उभ्या गाडीचेंही ग्रीस धुपतें आणि पाट्यांत गंज शिरतो.

अशा गाडीपुढें पैशाचा प्रश्न असतोच, आणि सर्व भाग एकदम बदलण्याची गरजही नसते. बसलेली कमान लोहाराकडून ठोकून उचलून घेण्याची इकडे चाल आहे. त्यानें कांहीं दिवस उंची येते, थकलेलें पोलाद नवें होत नाहीं. तरीही वांकलेली कमान थांबूं शकते. चिरलेला मुख्य पाटा थांबूं शकत नाहीं, कारण मागचा आंस त्यानेंच जागेवर धरलेला असतो. शॉक-अॅब्सॉर्बरवर तेलाचा नुसता ओलसर थर असेल तर घाई नको. तेल ओघळत असेल, किंवा टायरवर ठिकठिकाणीं खळगे पडूं लागले असतील, तर आंसावरची जोडीच बदलावी. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची प्रसिद्ध परीक्षा येथें फसवी आहे: तींत नापास झालेला शॉक-अॅब्सॉर्बर खचित गेलेला असतो, पण पास झालेला चांगला असतोच असें नाहीं. रबराचे बुश चिरले तर गाडी एकीकडे ओढते व टायर खाते. तो खर्च टायरच्या किंमतीशीं ताडून पाहावा. किंगपिन किंवा बॉल जॉइंट यांत ढिलेपणा हातास लागला, तर मात्र पुढच्या महिन्याची वाट पाहावयाची नसते. किंगपिन बदलतांना बुशही नवे घालून रीमरनें मापांत आणावे लागतात. जुन्या बुशांत नवी पिन घातली तर तीच खटखट थोड्याच दिवसांत परत येते.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस ती मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी अजून कांहीं घरांतून आहेत. त्यांच्या किंगपिनांना ग्रीस लागतें, आणि तें भरण्यासाठीं कोणाला तरी खालीं वांकावें लागतें.