‘शंभरात २७ ला शिक्षा, मग बाकीच्या केसेस खोट्या?’ : बलात्काराच्या सरकारी आकड्यांचा अर्थ समजून घ्या

बडनेरा : बलात्काराच्या शंभर केसेसपैकी २७ मध्येच शिक्षा होते, म्हणजे उरलेल्या ७३ तक्रारी खोट्या, असा हिशोब पारावर आणि मोबाईलवर अनेकदा मांडला जातो. आकडा सरकारी आहे. त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा आहे.

आकडा येतो कसा?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजेच एनसीआरबी, दरवर्षीच्या गुन्ह्यांचा अहवाल काढतो. २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी कोर्टांनी १८,५१७ खटले निकाली काढले. त्यात ५,०६७ मध्ये शिक्षा झाली, १२,०६२ मध्ये आरोपी निर्दोष सुटले आणि १,३८८ मध्ये आरोपींना सुनावणीआधीच दोषमुक्त केलं गेलं. निकाली १८,५१७ पैकी ५,०६७, म्हणजे २७.४ टक्के. हाच तो शिक्षेचा दर.

निकाली निघालेल्या या केसेस बहुतेक जुन्या वर्षांच्या असतात. यंदा तक्रार दिलेल्या बाईला न्याय मिळेल की नाही, हे या दरातून कळत नाही. कोर्टात पडून असलेले खटले तर हिशोबातच येत नाहीत.

२०२० मध्ये हा दर एकदम ३९.३ टक्के दिसतो. पण ते कोरोनाचं वर्ष होतं, कोर्टाचं काम बरंच थंडावलं होतं. पुढच्या वर्षी दर पुन्हा २८.६ वर आला. एका वर्षाच्या टक्क्यावरून सुधारणा झाली असं म्हणता येत नाही.

सुटला म्हणजे तक्रार खोटी?

नाही. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. साक्षीदार फिरला, वैद्यकीय तपासणी उशिरा झाली, तपास कच्चा राहिला किंवा गावात समझोत्यासाठी दबाव आला, तरी केस पडते. तपासात तक्रार खोटी निघाली तर तिची नोंद पोलीस वेगळ्या रकान्यात करतात.

विदर्भातलंच उदाहरण पाहा. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं, १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. त्यावर देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. केस एकच, निकाल तीन. एनसीआरबीच्या तक्त्यात मात्र खटला चालवणाऱ्या कोर्टाचाच निकाल मोजतात.

बडनेऱ्याचा आकडा कुठे?

शिक्षेचा दर राज्य आणि मोठ्या महानगरांपुरता छापला जातो. अमरावतीचा वेगळा दर त्यात सापडत नाही. नोंदलेले गुन्हे जिल्हावार मिळतात, पण तेही विभागलेले. बडनेरा ठाणं अमरावती शहर पोलीस आयुक्तालयात येतं, आजूबाजूच्या तालुक्यांतली ठाणी अमरावती ग्रामीणमध्ये. बडनेरा जंक्शनवर घडलेला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे नागपूर लोहमार्गच्या खात्यात जातो. फक्त एकच ओळ पाहिली तर जिल्ह्याचं चित्र अर्धवटच दिसतं.

काय मोजलंच जात नाही?

ठाण्यापर्यंत न पोचलेली गोष्ट आकड्यात नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी फक्त १४ टक्के बायांनी मदत मागितली. १८ वर्षांवरच्या पत्नीवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती कायद्यानं बलात्कार ठरत नाही, म्हणून तीही या आकड्यात नाही. मुलांवरच्या अत्याचाराचे पोक्सो गुन्हे वेगळ्या तक्त्यात असतात.

तक्रार द्यायची असेल तर

- हद्द कोणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. त्याची प्रत मोफत मिळते.
- सरकारी असो वा खाजगी, दवाखान्यानं पीडितेवर तातडीनं मोफत उपचार करणं बंधनकारक आहे.
- तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मोफत वकिलासाठी १५१००.
- पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असा फोटो ग्रुपवर टाकू नका. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.