शक्ती पडद्यावर दिसते कशी?
दूरचित्रवाणीवरचे आरंभीचे सुपरहिरो, त्यांचे नट आणि त्यांच्या मोटारी : प्रस्तावना

दूरचित्रवाणीच्या पहिल्या काही दशकांत सुपरहिरोंच्या ज्या मालिका निघाल्या, त्यांतले नट आणि त्यांत धावलेल्या मोटारी हा या पुस्तिकेचा विषय. ती लिहिताना डोळ्यांसमोर वाचक होता तो गोंडपिपरी, राजुरा, चामोर्शी, अहेरी या पट्ट्यातला. तो महाविद्यालयात शिकत असेल, गॅरेजमध्ये इंजिन उघडून बसत असेल, किंवा लहानपणी ‘शक्तिमान’ पाहून मोठा झालेला शिक्षक असेल. तिघांनाही या विषयात सारखाच मान आहे. मोटारीचं कळणारा, अभिनयाचं कळणारा आणि प्रेक्षक म्हणून आठवण राखणारा, असे तिघे एकत्र आल्याशिवाय हा अभ्यास पुढे सरकत नाही.

‘शक्तिमान’ १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली आणि पुढे रविवारी दुपारी बाराची वेळ तिची म्हणून ठरून गेली. खेड्यापाड्यांत त्या वेळी वीज असेलच याची खात्री नसे. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि बारा व्होल्टवर चालणारा कृष्णधवल संच तिला जोडायचा. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याच्या ओसरीवर गर्दी. नायकाचा पोशाख गडद तांबडा आणि सोनेरी होता, पण अशा घरांतल्या मुलांनी तो करड्या छटांतच पाहिला.

आता याच्या बाजूला दुसरी गोष्ट ठेवू. १९५२ ते १९५८ या काळात अमेरिकेत ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ ही मालिका चालली. तिचे पहिले दोन हंगाम कृष्णधवल होते. निळा आणि लाल रंग त्या फिल्मवर उठून दिसत नसत, म्हणून जॉर्ज रीव्ह्ज या नटासाठी तपकिरी आणि करड्या कापडाचा पोशाख शिवला गेला. तिसऱ्या हंगामापासून चित्रण रंगीत झालं, तेव्हा खरा निळा-लाल पोशाख आला. तिकडे कापड पडद्यासाठी बदललं. इकडे पडद्याने जे दाखवलं नाही ते मुलांनी मनाने भरून काढलं. दोन्हीकडे अडचण एकच होती: अचाट शक्ती दाखवायची आहे आणि साधनं तुटपुंजी आहेत. या विषयातला मुख्य प्रश्न तोच. हाती थोडे पैसे, थोडा वेळ आणि लहान पडदा असताना शक्ती दिसावी कशात? नटाच्या देहात, त्याच्या पोशाखात, की त्याच्या वाहनात? प्रत्येक मालिकेने याचं उत्तर आपापल्या परिस्थितीतून शोधलं, आणि त्या उत्तरांची तुलना करणं हे आपलं काम आहे.

रीव्ह्जच्या मालिकेने बराचसा भार देहावर टाकला. सुरुवातीला त्याला तारांनी उचलत. त्यात तो पडल्यावर उड्डाणासाठी उसळीफळीचा वापर होऊ लागला: नट फळीवर पाय देऊन चौकटीबाहेर झेपावायचा आणि पुढचं काम संकलक करायचा. सुपरमॅन उडतो, त्याला मोटार लागत नाही. पण त्याचं दुसरं रूप असलेल्या क्लार्क केंट या वार्ताहराला लागते, आणि त्याच्याकडे नॅश-हीली ही उघड्या टपाची देखणी गाडी आहे. म्हणजे या मालिकेत मोटार माणसाची, उड्डाण देवाचं. ही विभागणी लक्षात ठेवावी.

बॅटमॅनला अंगची कोणतीही अद्भुत शक्ती नाही. म्हणून १२ जानेवारी १९६६ रोजी एबीसी वाहिनीवर ‘बॅटमॅन’ सुरू झाली तेव्हा मोटारीवर फार मोठी जबाबदारी आली. त्या मोटारीचा इतिहास थोडा जवळून पाहू. ‘लिंकन फ्युचुरा’ ही फोर्ड कंपनीची प्रदर्शनासाठीची एकमेव गाडी. तिचा सांगाडा इटलीत तुरीन इथल्या घिया कारखान्यात हातांनी घडवला गेला आणि १९५५ साली ती लोकांपुढे आली. जवळजवळ १९ फूट लांब, चालक आणि सोबती यांच्या डोक्यांवर पारदर्शक घुमट, मागे उंच पंख. १९५९ च्या एका चित्रपटात ती तांबड्या रंगात दिसली आणि मग पडून राहिली. मालिकेसाठी गाडीचं काम आधी डीन जेफ्रीज या कारागिराकडे गेलं होतं, पण निर्मात्यांना घाई होती, म्हणून ते जॉर्ज बॅरिसकडे आलं. त्याने हीच फ्युचुरा घेतली. मागच्या पंखांच्या कडा वटवाघळासारख्या कापल्या, पुढच्या भागाला चेहरा दिला, अंग काळं केलं आणि कडांवरून तांबडी रेघ फिरवली. गाडी एका डॉलरला मिळाली आणि काम तीन आठवड्यांत उरकलं, ही हकीकत बॅरिस पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

ही गाडी गुहेतून बाहेर पडते ते दृश्य लॉस एंजेलिसच्या ब्रॉन्सन कॅन्यनमधल्या बोगद्यापाशी चित्रित झालं आणि भागामागून भाग तेच पुन्हा वापरलं गेलं. १२० भागांच्या मालिकेत पैसा असा वाचतो. पण या पुनरावृत्तीने आणखी एक काम केलं: प्रेक्षकाला ते दृश्य विधीसारखं वाटू लागलं. ज्वाळा, दरवाजा, वळण, आणि मग आता काहीतरी घडणार ही खात्री. अ‍ॅडम वेस्ट आणि बर्ट वॉर्ड यांनी संवाद कमालीच्या गांभीर्याने म्हटले, त्या गांभीर्याला आधार या गाडीचा होता. २०१३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लिलावात मूळ गाडीला शुल्कासह ४६ लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

जेफ्रीजला लवकरच दुसरं काम मिळालं. १९६६ च्या सप्टेंबरात ‘द ग्रीन हॉर्नेट’ सुरू झाली. तिच्यासाठी त्याने क्रायस्लरच्या ‘इम्पीरियल’ गाड्यांवरून ‘ब्लॅक ब्यूटी’ घडवली. नायकाच्या भूमिकेत व्हॅन विल्यम्स होता, पण गाडी चालवायचा त्याचा सहकारी काटो, म्हणजे ब्रूस ली. २६ भागांनंतर मालिका बंद पडली. हाँगकाँगमध्ये मात्र ती काटोची मालिका म्हणूनच ओळखली गेली, आणि चालकाच्या जागेवर बसलेला नट जगभर गाजला. नट आणि वाहन यांच्यातलं नातं किती उलटंपालटं होऊ शकतं, हे शिकण्यासाठी याहून चांगलं उदाहरण नाही. जपानने आणखी वेगळा मार्ग धरला. १९५८ चा ‘गेक्को कामेन’ आणि १९७१ चा ‘कामेन रायडर’ हे दोघेही मोटारसायकलवरचे नायक. रायडरची भूमिका करणाऱ्या हिरोशी फुजिओकाला चित्रणातच मोटारसायकलचा अपघात होऊन पाय मोडला, आणि त्याची जागा भरायला दुसरा रायडर आणावा लागला. तिथे वाहनाने कथानकच वळवलं.

मग ‘शक्तिमान’मध्ये तशी मोटार का नाही? उत्तराचा एक भाग कारखान्यांच्या इतिहासात आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ या गाड्या जोडल्या, नंतर फियाट बनवली. पण परवान्यांच्या त्या काळात केवळ प्रदर्शनासाठी गाडी घडवून नंतर ती टाकून देणं आपल्याकडे कुणाला परवडणार होतं? फ्युचुरासारखी कुठेतरी पडून राहिलेली गाडी इथल्या निर्मात्याला मिळणं शक्यच नव्हतं. मुंबईतल्या दिलीप छाब्रियांच्या कारखान्यात घडलेली गाडी ‘टारझन : द वंडर कार’ या चित्रपटाची नायिका झाली, ती २००४ साली, तोवर ‘शक्तिमान’ संपत आली होती.

उत्तराचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, आणि या पुस्तिकेचं म्हणणंही तेच आहे. ‘बॅटमॅन’मध्ये जे काम मोटारीने केलं, ते ‘शक्तिमान’मध्ये नटाच्या पूर्वपुण्याईने केलं. शक्तिमान झालेले मुकेश खन्ना म्हणजे १९८८ ते १९९० च्या ‘महाभारत’मधले भीष्म. खलनायक किल्विष झालेले सुरेंद्र पाल म्हणजे त्याच मालिकेतले द्रोणाचार्य. देशाने ज्यांना प्रतिज्ञा आणि शस्त्रविद्या यांच्या रूपात पाहिलं होतं, ते दोघे समोरासमोर उभे राहिल्यावर शक्ती वेगळी सिद्ध करावी लागली नाही. स्वतःभोवती गरगर फिरणं, हात वर करणं, इतक्या साध्या हालचालींना त्या आठवणीने वजन दिलं. अमेरिकेत पडून राहिलेली गाडी नव्या कामाला आली. इथे लोकांच्या मनात साठलेली श्रद्धा कामाला आली.

आधीच्या परंपरेशी नातं दुसऱ्या बाजूनेही आहे. क्लार्क केंट वर्तमानपत्रात, शक्तिमानचं दुसरं रूप असलेला गंगाधरही वर्तमानपत्रात. लोइस लेनच्या भूमिकेत फिलिस कोट्सच्या जागी नोएल नील आली, गीता विश्वासच्या भूमिकेत किटू गिडवानींच्या जागी वैष्णवी महंत आल्या. तिकडे केलॉग्ज प्रायोजक, इकडे पार्ले-जी. नायिका बदलली तरी मालिका चालते, नायक बदलून चालत नाही, आणि दोघांचाही खर्च मुलांच्या खाऊतून निघतो: या साम्यांवर स्वतंत्र निबंध लिहिता येतील. त्याचबरोबर जबाबदारीचा प्रश्नही येतो. ‘शक्तिमान’चं अनुकरण करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, आणि खुद्द मुकेश खन्नांना पडद्यावरून मुलांना असं करू नका म्हणून समजवावं लागलं. शक्ती नटाच्या देहात दिसली की मुलाला ती आपल्याही देहात असावी असं वाटतं. मोटारीच्या बाबतीत तसं सहसा होत नाही. हा फरक नीट अभ्यासायला हवा.

मराठीत याच प्रश्नाला एक तिसरं उत्तर मिळालेलं आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुपरहिरो नाही. तो फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा किडकिडीत मुलगा. पण त्याचं वेगाशी नातं आहे आणि त्याच्याकडे सायकल आहे. दूरदर्शनवर तो आला तेव्हा सुमीत राघवन यांनी ती भूमिका केली. ज्या वाहनावर वाचक स्वतः शाळेत जातो, तेच नायकाला देणं हा भागवतांचा मोठा निर्णय होता. मोटारीचा अभ्यास करताना सायकलचं प्रकरण वगळलं, तर मराठी मुलांच्या वाचनाचा आणि पाहण्याचा अर्धा इतिहास हातून जाईल.

आपल्या भागातल्या वाचकाला या अभ्यासात एक जन्मजात सोय आहे: झाडीपट्टीची रंगभूमी. दिवाळीनंतर वडशाहून नाटक कंपन्या निघतात, गावोगाव रात्रभर प्रयोग चालतात. दिवसा धानाच्या बांधीत काम केलेला माणूस रात्री राजा होतो, आणि प्रेक्षकाला दोन्ही ठाऊक असतं, तरी त्याचा विश्वास ढळत नाही. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती अशाच रंगभूमीवर घालवलेल्या हयातीसाठी. एका भूमिकेचं ओझं नटाला किती काळ वाहावं लागतं, हे इथल्या लोकांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. अ‍ॅडम वेस्टला मालिका संपल्यावर वर्षानुवर्षं दुसरी कामं मिळणं कठीण गेलं. शेवटी त्याने ती भूमिका मनापासून आपली मानली, आणि २०१७ साली तो वारला तेव्हा लॉस एंजेलिसच्या नगरभवनावर वटवाघळाची खूण प्रकाशित करण्यात आली. ही कहाणी झाडीपट्टीतल्या ज्येष्ठ नटाला सांगून पाहावी. तो तिच्यात भर घालील.

पद्धतीबद्दल थोडक्यात. पुरावा तीन प्रकारचा असतो: पडद्यावरचं दृश्य, प्रत्यक्ष वस्तू आणि लोकांनी सांगितलेली हकीकत. तिसरा प्रकार सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत जपून वापरायचा. एका डॉलरची गोष्ट सांगायची, पण ती सांगणारा कोण हेही सांगायचं. वस्तूच्या बाबतीतही घाई नको. भारतात २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. या कसोटीवर बॅटमॅनची गाडी टिकणार नाही, कारण मूळ रूप बदललं हेच तिचं मोल. मूळपणाला जपायचं की बदलाला, हा वाद संग्राहकांमध्ये चालू आहे आणि नव्या अभ्यासकाने त्यात खुशाल उतरावं.

सुरुवात साधी असू द्या. कोणत्याही मालिकेचा एक भाग आवाज बंद करून पाहा. शक्ती दिसते तिथे प्रत्येक वेळी नोंद करा: ती देहातून दिसली, पोशाखातून, वाहनातून, की केवळ संकलनातून? मग घरातल्या मोठ्यांना विचारा: तुम्ही ही मालिका कुणाच्या घरी पाहिली, संच कशावर चालत होता, कोण सोबत होतं, नंतर अंगणात काय खेळलात? अमेरिकेतल्या गाड्यांवर बरीच पुस्तकं आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ओसऱ्यांवर या मालिका कशा पाहिल्या गेल्या, हे मात्र इथल्याच कुणीतरी लिहायचं आहे. ज्यांनी त्या पाहिल्या ते आज चाळिशीत आहेत, त्यांच्या आठवणी ताज्या आहेत, आणि विचारलं तर ते भरभरून सांगतात. तेव्हा वही घ्या आणि कामाला लागा. आपलं स्वागत आहे.

गोंडपिपरी