पद्मिनीचा फ्यूज आणि सिगारेटची चांदी

आजची गोष्ट बोटाच्या पेरापेक्षा लहान वस्तूची आहे.

आमच्या नाहूरच्या सोसायटीत ताडपत्रीखाली बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. तिचं माहेर लांब नाही. लालबहादूर शास्त्री मार्गानं कुर्ल्याकडे निघायचं, बस्स. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. १९६४ पासून तिथं फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ नावानं विकली गेली. मुंबईची काळीपिवळी ती हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून तिचा शेवटचा दिवस आला तेव्हा अख्खी मुंबई हळवी झाली. आमच्या घरात मात्र तेव्हा वेगळंच प्रकरण चालू होतं.

रात्री हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा डुलायचा. बाबा म्हणायचे, “वय झालंय तिचं.” एका संध्याकाळी मुलुंडहून परतताना डॅशबोर्डमागून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मागे माझी मुलगी बसली होती. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून बॅटरीची तार ओढून काढली. हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्यानं फ्यूजबॉक्स उघडला आणि हसला. एका फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. बाबा खिडकीतून बघत होते, काही बोलले नाहीत.

आता हा फ्यूज काय असतो ते बघू. एडिसननं दिव्यांच्या वायरिंगसाठी १८९० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कल्पना साधी आहे. सगळ्या वायरिंगमध्ये एक जागा मुद्दाम कमजोर ठेवायची, म्हणजे जळायचं ते तिथंच जळेल. जुन्या युरोपियन गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळता फ्यूज असे, अंगावरून धातूची बारीक पट्टी गेलेला. पांढरा म्हणजे ८ अँपिअर, लाल म्हणजे १६.

आणि गणित बघा. जुना हेडलाइट ४५ वॅटचा. बॅटरी १२ व्होल्टची. भागाकार केला तर पावणेचार अँपिअर. ८ चा फ्यूज त्याला आरामात पुरतो. बाबांनी नव्वदीत, हायवेवर अंधार फार म्हणून, १०० वॅटचे हॅलोजन बसवले. आता भागाकार येतो ८.३. फ्यूज वारंवार उडायला लागला. तो बिचारा बरोबर काम करत होता! पण बाबांना वाटलं फ्यूजच खराब. मग चांदी. ती वितळली नाही, त्याऐवजी वायर तापत राहिली. वर्षानुवर्षं.

वायरमन म्हणाला, “दादा, फ्यूज बल्बला वाचवत नाही, वायरला वाचवतो.” मला वाटतं, या भागातून एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

मग काट्याचं काय? गाडीत परतीची वायर वेगळी नसते. बॉडीच अर्थिंग. मुंबईच्या दमट हवेत जोडाला गंज चढतो. डॅशबोर्डची अर्थिंग अशी कच्ची झाली की दिव्यांचा करंट परत जाताना मीटरच्या हिशोबात ढवळाढवळ करतो. टाकीतला फ्लोट पेट्रोलच्या पातळीनुसार रेझिस्टन्स बदलतो, काटा तेवढंच वाचतो. वाचनातच घोळ झाला तर काटा डुलणारच. म्हणजे तो आम्हाला कधीपासून सांगत होता आणि आम्ही त्याला म्हातारा ठरवला होता.

काम तीन दिवस चाललं. जळलेली वायर काढून जाड टाकली. अर्थिंगचे जोड पॉलिशपेपरनं घासून चकचकीत केले. हेडलाइटला रिले लावला, म्हणजे मोठा करंट बॅटरीजवळच्या फ्यूजमधून थेट दिव्याला जातो आणि डॅशबोर्डवरच्या स्विचला नुसता इशारा द्यावा लागतो. बल्बही पुन्हा कमी वॅटचे घातले.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एक धोका ध्यानात ठेवा. सत्तरच्या दशकात चपटे, प्लॅस्टिकचे फ्यूज आले आणि रंगांचे अर्थ बदलले. जुन्यात पिवळा ५ अँपिअरचा, नव्यात पिवळा २० चा! रंगावर जाऊ नका, आकडा वाचा.

चौथ्या दिवशी बाबांना पुढे बसवून भांडुपपर्यंत चक्कर मारली. त्यांनी स्वतः हेडलाइट लावला आणि रस्ता सोडून काट्याकडेच बघत राहिले. काटा जागचा हलला नाही. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून एक डबी आणून माझ्या हातात दिली. आत पांढऱ्या फ्यूजांचा न वापरलेला संच होता.

“तेव्हाच आणले होते,” म्हणाले. “पुन्हा उडेल म्हणून लावले नाहीत.”

आता ती डबी गाडीच्या खणात असते. भेटू पुढच्या भागात.