ग्लुटेन चालत नाही? भाताच्या मुलखातही हिंगाची डबी तपासा

गहू आणि जवातील प्रथिनांना ग्लुटेन म्हणतात. सिलिअॅक आजारात त्यामुळे लहान आतड्याला इजा होते, म्हणून गहू आयुष्यभर वर्ज्य करावा लागतो.

कर्जत-खालापूर हा भातशेतीचा पट्टा. ‘कर्जत-३’ हे भाताचे वाण इथल्याच संशोधन केंद्राचे. तांदूळ आणि नाचणीत ग्लुटेन नसते, त्यामुळे त्यांची भाकरी अशा रुग्णांना चालते.

तरी गहू लपून येतोच. बाजारच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते आणि ते फोडणीतून पोटात जाते. गिरणीत गव्हामागून दळलेल्या नाचणीतही गहू मिसळतो. वडापावातील पाव तर मैद्याचाच.

त्रास होत असेल तर आधी रक्ततपासणी करा. तपासणीपूर्वीच गहू सोडल्यास आजार निदानातून निसटू शकतो.