‘कॉन्व्हेंट’ : नागपुरातील एक शब्द आणि त्यामागच्या कारकिर्दी

१/ नागपुरात सदरपासून नंदनवनपर्यंत कोठेही फिरा, शाळांच्या पाट्यांवर ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द हमखास भेटतो. कॉन्व्हेंट म्हणजे मूळ अर्थाने ख्रिस्ती साध्वींचा मठ. प्रत्यक्षात यांपैकी कित्येक शाळांचा चर्चशी कसलाही संबंध नाही. मग हा शब्द येथे इतका का रुजला? कॅथलिक शाळेत शिकल्याने पुढील आयुष्य घडते, हा विश्वास कोठून आला आणि तो कितपत खरा आहे? आजचा थ्रेड याविषयी.

२/ सुरुवात नागपुरात नव्हे, कामठीत होते. १८२१ मध्ये तेथे इंग्रजांची लष्करी छावणी वसली. गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपाई मोठ्या संख्येने असत. त्यांच्यासाठी धर्मगुरू हवे होते. १८४०च्या दशकात आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या आन्सी या गावातून सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे मिशनरी विशाखापट्टणमला आले. नागपूर-कामठीचा मुलूख त्यांच्याच कार्यक्षेत्रात होता.

३/ पुढील काही वर्षांचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८५४ : भोसल्यांचे राज्य खालसा. त्याच वर्षी वुडचा खलिता, ज्यामुळे खासगी आणि मिशनरी शाळांना सरकारी अनुदानाचा मार्ग खुला झाला. १८६१ : मध्य प्रांताची स्थापना, राजधानी नागपूर. १८६७ : मुंबईहून आलेली रेल्वे नागपुरात पोहोचली. १८७० : सेंट फ्रान्सिस डी सेल्स हायस्कूल, म्हणजेच नागपूरकरांचे एसएफएस.

४/ राज्य, अनुदान, कचेऱ्या, रेल्वे आणि मग शाळा. हा क्रम योगायोगाचा नाही. नव्या राजधानीला इंग्रजी जाणणारे कारकून, वकील, तारमास्तर, स्टेशनमास्तर हवे होते. मिशनरी धर्मासाठी आले होते. पालकांनी मात्र त्यांच्याकडून भाषा घेतली. या शाळांतून शिकलेले बहुसंख्य विद्यार्थी पुढेही हिंदू, मुसलमान, पारशी, शीखच राहिले.

५/ इंग्रजी शिक्षण ही कॅथलिकांची मक्तेदारी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्येच नागपुरात पोहोचले होते आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये उभे राहिले. तरीही सामान्यांच्या तोंडी बसला तो ‘कॉन्व्हेंट’ हाच शब्द. गणवेश, शिस्त आणि अस्खलित इंग्रजी या तिन्ही गोष्टी त्यात एकवटल्या.

६/ १९५० मध्ये संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. १९५३ मध्ये नागपूर महाधर्मप्रांत झाले आणि पहिले आर्चबिशप म्हणून युजीन डिसोझा हे भारतीय धर्मगुरू आले. संस्था टिकल्या, पण शहर बदलले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरचे राजधानीपद गेले. सचिवालय मुंबईला. आता मोठी नोकरी म्हणजे शहर सोडणे, आणि शहर सोडायचे तर इंग्रजी हाताशी हवी. ‘कॉन्व्हेंट’चे मोल येथून आणखी वाढते.

७/ आता प्रत्यक्ष कारकिर्दी पाहू. राजकुमार हिरानी (जन्म १९६२) हे एसएफएस हायस्कूलचे विद्यार्थी. फाळणीत सिंध सोडून आलेले कुटुंब, वडिलांची टंकलेखन संस्था. गुण कमी पडल्याने अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही. वाणिज्य शाखेची पदवी, हौशी रंगभूमी, मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाचे शिक्षण. २००९ मध्ये त्यांनीच अभियांत्रिकी शिक्षणाच्या घोकंपट्टीवर ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट केला.

८/ दुसरे उदाहरण शरद बोबडे यांचे. नागपुरात त्याच संताच्या नावाने चालणाऱ्या महाविद्यालयातून पदवी, नंतर कायद्याचे शिक्षण आणि २०१९ मध्ये देशाचे सरन्यायाधीशपद. यशाचे श्रेय महाविद्यालयाला द्यावे, तर घराकडेही पाहावे लागते : आजोबा वकील, वडील अरविंद बोबडे महाराष्ट्राचे महाधिवक्ता. वकिलीचे बाळकडू घरातच होते.

९/ तिसरे उदाहरण उलट दिशेचे. देवेंद्र फडणवीस ज्या शाळेत जात, तिचे नाव इंदिरा कॉन्व्हेंट. आणीबाणीत वडील गंगाधरराव तुरुंगात गेले. ज्यांच्या सरकारने वडिलांना कैद केले, त्यांच्या नावाच्या शाळेत जाणार नाही, असा हट्ट या मुलाने धरला आणि तो सरस्वती विद्यालयात दाखल झाला. ‘कॉन्व्हेंट’ सुटले, मुख्यमंत्रिपद त्यामुळे अडले नाही.

१०/ तीन माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण प्रश्न नीट विचारता येतो. शाळेने घडवले, की घडण्याची साधने असलेल्या घरांतील मुलेच त्या शाळेत पोहोचली? शुल्क भरू शकणारे, प्रवेशासाठी खेटे घालू शकणारे, घरी अभ्यास घेऊ शकणारे पालक हे यशाचे अर्धे भांडवल आधीच घेऊन येतात. माजी विद्यार्थ्यांच्या झळझळीत याद्यांत हे भांडवल दिसत नाही.

११/ शाळेचा वाटा शून्य ठरतो असे मात्र नाही. निर्वासिताच्या मुलाला घरी वकिलीची गादी नव्हती, महाधिवक्त्यांची ओळख नव्हती. अशा घराला वारशाने न मिळणारी भाषा शाळाच देऊ शकते. म्हणजे कॅथलिक शाळेचा खरा परिणाम मोजायचा, तर तो सधन घरांतील मुलांवरून नव्हे, तर घरात इंग्रजीचे एक पुस्तकही नसलेल्या मुलांवरून मोजावा लागेल.

१२/ येथेच आजचा पेच उभा राहतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळले आणि २०१४ च्या ‘प्रमती’ निकालाने ती सूट सर्वच अल्पसंख्याक शाळांना मिळाली.

१३/ परिणाम असा की, केवळ पाटीवर ‘कॉन्व्हेंट’ लिहिणाऱ्या खासगी शाळेला गरिबाच्या मुलासाठी जागा ठेवणे बंधनकारक आहे, आणि जिच्यावरून तो शब्द उचलला त्या मूळ मिशनच्या शाळेला नाही. अनुच्छेद ३० चे संरक्षण अल्पसंख्याकांसाठी मोलाचे आहे, यात शंका नाही. पण ज्या मुलाच्या बाबतीत शाळेमुळे सर्वाधिक फरक पडला असता, त्याच्यासाठी दार उघडायचे की नाही, हे आता पूर्णतः शाळेच्या इच्छेवर आहे.

१४/ तेव्हा पुढल्या वेळी एखाद्या जुन्या शाळेच्या नामवंतांची यादी वाचाल, तेव्हा दोन नोंदी सोबत शोधा : त्या वर्षीचे शुल्क आणि विद्यार्थ्यांच्या पालकांचे व्यवसाय. प्रवेशनोंदवहीत हे दुसरे रकाने बहुधा सापडतात. शाळेने किती घडवले याचे उत्तर नामवंतांच्या तसबिरींपेक्षा त्या नोंदवहीत अधिक खरेपणाने मिळेल.