जपानचा काटेरी हलवा

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेले आमचे पोफळी गाव बाहेरच्या जगास कोयनेच्या विजेमुळे ठाऊक आहे. सह्याद्रीच्या पोटात कोरलेल्या येथील वीजगृहातून १९६२ साली प्रथम वीज निघाली. तेव्हापासून दूरदूरचे पाहुणे येथे येणे ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तरीही गेल्या पौषात, संक्रांत आठ दिवसांवर आली असता, आमच्या घरी दोन जपानी पाहुणे उतरले तेव्हा ओसरीवर अर्धी आळी लोटली. पाहुण्यांनी आल्याबरोबर वाकून नमस्कार केला आणि एक डबा दोन्ही हातांनी आमच्या मातोश्रींपुढे धरला.

डब्यात तीन प्रकार होते. तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांस समुद्रातील शेवाळाच्या काळ्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. त्या वासाने मुलांनी नाके मुरडली. ज्या घरात सुकटीच्या वासाने भूक चाळवते, त्या घराने शेवाळास नाक मुरडावे याचे आम्हांस हसू आले. दुसरी होती लाल कडधान्याच्या गोड पुरणाची वडी. पोळीवाचून पुरण मातोश्रींस अपुरे वाटले. तिसऱ्या पुडीत साखरेचे रंगीत, काटेरी दाणे होते. त्यांतील एक जिभेवर ठेवताच मातोश्री उद्गारल्या, "अरे, हा तर आपला हलवा!"

पाहुणे त्यास 'कोंपेइतो' म्हणत. हा शब्द मूळचा जपानी नव्हे. साखरेत घोळविलेल्या मिठाईस पोर्तुगीज लोक 'कोन्फेइतो' म्हणतात, त्याचेच ते रूप होय. लुईस फ्रॉइस हा जेझुइट पाद्री १५४८ साली गोव्यास आला, तेथेच शिकला आणि १५६३ साली जपानास पोहोचला. १५६९ साली क्योतो येथे त्याने ओदा नोबुनागा या प्रबळ सरदारास जे नजराणे दिले, त्यांत या मिठाईची एक काचेची बरणी होती. पुढे जपानी कारागिरांनी हे दाणे स्वतः करण्याचा ध्यास घेतला. १६८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात साइकाकू या कथाकाराने नागासाकीच्या एका माणसाची गोष्ट सांगितली आहे: पुष्कळ खटपटीअंती त्यास उमगले की, या दाण्याच्या गर्भी तीळ असतो.

तीळच! आमच्या घरी थंडीच्या दिवसांत मंद शेगडीवर परात ठेवून, तिळांवर थोडाथोडा पाक सोडीत, बोटांनी ते सतत हलवीत काटा फुलविला जातो. जपानातही तापलेल्या फिरत्या कढईत पाक शिंपून, कित्येक दिवसांच्या श्रमाने तोच काटा येतो. मात्र गर्भी आता बहुधा जाड साखरेचा कण असतो.

येथे उतावळा अभिमानी मनुष्य म्हणेल की, जपानने हलवा आमच्यापासूनच उचलला. परंतु केवळ साम्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही. एकच युक्ती दोन स्वयंपाकघरांस स्वतंत्रपणेही सुचू शकते. निश्चित आहे ते इतकेच की, ज्या साखरेवाचून हे दोन्ही दाणे अशक्य, तिचे नाव आपल्या 'शर्करा' या शब्दापासून निघून अरबांच्या मुखाने पोर्तुगालात गेले, आणि ती मिठाई जपानास नेणारा पाद्री गोव्यातून गेला होता.

आम्हांस अधिक विचार करावासा वाटतो तो पुढील इतिहासाचा. १६१४ साली जपानने मिशनऱ्यांस हद्दपार केले व १६३९ साली पोर्तुगीज जहाजांस बंदी घातली. इकडे १५६० साली इन्क्विझिशन बसविणारी गोव्याची सत्ताही १९६१ साली संपली. धर्मसत्ता आणि राजसत्ता दोन्ही ठिकाणांहून गेल्या. पण जपानात कोंपेइतो राहिला, गोव्यात पाव राहिला. जे बळाने लादले ते लोकांनी झिडकारले; जे जिभेस रुचले ते मात्र, कोणी आणले हे न विचारता, आपलेसे केले.

पाहुणे निघाले तेव्हा मातोश्रींनी त्यांच्या हाती घरच्या हलव्याची पुडी ठेवली. त्यांतील वडील पाहुण्याने एक दाणा तोंडात टाकला, तो दाताखाली फोडला, आणि आतला तीळ लागताच तो क्षणभर थांबून हसला. दुभाष्याची गरज पडली नाही.